कोनाड्यातला चेहरा

"पाय काढा हो माझ्या पायावरून! तासभर उभी आहे मी, त्यात तुमची ही टाच. दर्शन व्हायचं तेव्हा होईल, आधी माझं बोट जाईल."

माझ्या कानाशी कुरकुरणाऱ्या या बाईचं नाव चंपाबाई. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी इच्छापोरला ठेकेदाराच्या कामावर गेला, तो परतलाच नाही. टाच माझी होती. मी ती उचलली, पण टेकवायला दुसरी जागा नव्हती. गुजराती मुलखातल्या कडोदऱ्यातली पत्र्याची खोली, रविवारची दुपार, साठ-सत्तर माणसं एकमेकांच्या घामात उभी. खिडक्यांना काळं कापड, उदबत्त्यांचा धूर, आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीतल्या कोनाड्याकडे. कोनाड्याच्या तीन पावलं अलीकडे लिंबांची ओळ. ती ओलांडायची नाही.

"हरवलेला माणूस हरवत नाही!" सुकलाल भगतानं घंटी वाजवली. "तो पडद्याआड जातो. पडदा कोणाचा? मायेचा! माया कोणाची? तिची! ती कोण? तीच! बोला, जय!"

"जय!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं. गर्दीत गप्प राहणाऱ्याकडे लोक बघतात.

मग त्यानं नाव पुकारलं, "अनुसयाबाई! विकासची आई!"

माझ्या शेजारच्या खोलीतली अनुसयाताई पुढं सरकली. हातात विकासचा निळ्या चौकड्यांचा सदरा, धुऊन इस्त्री केलेला. भगतानं तो कोनाड्याखाली खिळ्याला टांगला, आत खालच्या बाजूला दिवा ठेवला आणि पडदा ओढला.

आत चेहरा होता. तरुण पुरुषाचा, गव्हाळ, ओठ किंचित उघडे. अनुसयाताईकडे बघत होता.

"चाल माय, डावीकडे चाल," भगत म्हणाला.

ती डावीकडे सरकली. चेहरा तिच्यामागं वळला. ती उजवीकडे आली. चेहरा उजवीकडे आला. हळूच, जसा पोरगा पाणी प्यायला उठलेल्या आईकडे अंथरुणातून बघतो तसा.

"तो मना विकास शे!" ताई ओरडली. आम्ही घरात अहिराणी बोलतो, 'माझा'ला 'मना' म्हणतो, आणि रडणं तर माणसाला घरच्याच बोलीत येतं. "तो मना विकास शे!"

खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"जिवंत आहे," भगत म्हणाला. "लांब आहे, पण नजर तुझ्यावर आहे. मात्र एक ऐक. पोलीस तुझं रक्त मागतायत ना? एक थेंब दिलास, तर ही नजर विझेल. आईचं रक्त हाडाला लावलं की जिता माणूस हाड होतो."

लोकांनी तोंडात बोटं घातली. याला रक्ताचं कसं ठाऊक? ते अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पण चेहरा मान वळवून बघत असताना असला हिशेब कोणाला सुचत नाही. मलाही घरी आल्यावर सुचला.

*

विकास लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर होता. अठ्ठावीस वर्षांचा. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेलेले, भाऊ-बहीण नाही, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डिसेंबरात एका सकाळी पाळीवर जातो म्हणून निघाला. कारखान्यात पोचला नाही. फोन बंद. मनीषानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोलिसांत नोंद केली. मग मिलच्या गेटांवर, कामरेजच्या ढाब्यांवर, बसस्थानकात त्याचा फोटो चिकटवत आम्ही हिंडलो.

ऑगस्टात गावाबाहेरच्या कालव्याचा गाळ काढताना एक कवटी आणि थोडी हाडं निघाली. ज्यांचं माणूस बेपत्ता आहे अशा चार घरांना पोलिसांनी बोलावलं, रक्त द्या, जुळवून बघू. तीन घरांनी दिलं. तिन्ही जुळली नाहीत. राहिली अनुसयाताई. ऑक्टोबरअखेरपर्यंत कोणी पुढं आलं नाही तर हाडं बेवारस म्हणून पुरणार, असं कळवून गेले.

ताई मात्र दारात बसून गहू निवडत राहिली. रोज दुपारी मनीषाकडून एक ताट जास्त वाढून घ्यायची आणि झाकून ठेवायची. मनीषा साड्यांवर खडे चिकटवायची, खाली मान घालून. भांगात कुंकू भरायची, कारण भगतानं सांगितलं होतं, "एक दिवसही नागा करायचा नाही." आणि आम्ही शेजारी? आम्ही म्हणायचो, विकास बाहेर आहे. विकासचा पत्ता नाही. फार झालं तर, विकासचं काय ते कळत नाही. एक शब्द होता जो गल्लीत कोणी उच्चारत नव्हतं. मीही नाही. आणि मला तर इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

*

मी एका मोठ्या इस्पितळात स्कॅनच्या खोलीत काम करते. सतरा वर्षं झाली. रुग्णाला फळीवर झोपवायचं, कानातलं-गळ्यातलं काढून घ्यायचं, घाबरला तर हात धरायचा. शाळा पाचवीपर्यंत. बाकीचं पडद्यावर बघून शिकले. माणसाच्या डोक्याचे पावासारखे पातळ काप कसे दिसतात, हाड पांढरं का, मांस करडं का, हे मला कोणी शिकवलं नाही. विचारत गेले, आणि काही डॉक्टर उत्तर देण्याइतके भले निघाले.

त्यातल्या एक डॉक्टर स्नेहा. न्यायवैद्यक विभागातल्या. त्यांचं काम ऐकाल तर नवल वाटेल. कवटी सापडली तर तिच्यावर चेहरा कसा होता? हाड तर समोर आहे, पण त्यावर मांस आणि कातडी किती जाड होती, कपाळावर किती, हनुवटीवर किती, गालावर किती? हे अंदाजपंचे सांगता येत नाही. म्हणून त्या जिवंत माणसांची स्कॅन घेत. नाव-गाव पुसलेली, दुसऱ्या कुठल्यातरी दुखण्यासाठी काढलेली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागी हाडापासून कातडीपर्यंतचं अंतर मोजत. भुवयांच्या मध्ये इतके मिलिमीटर, वरच्या ओठाशी इतके. शेकडो चेहरे मोजून सरासरी काढायची. मग कवटीच्या नकलेवर त्या त्या जागी तेवढ्याच उंचीच्या खुंट्या लावायच्या आणि खुंट्या झाकेपर्यंत माती भरायची.

"परदेशातली कोष्टकं आहेत," त्या मला एकदा म्हणाल्या, "पण ती खाऊन-पिऊन सुखी माणसांची. आपला लूमवाला त्यात बसत नाही, मावशी."

म्हणून त्यांनी आमच्याच भागातल्या कामगारांची स्कॅन वेगळी काढून मोजली. कालव्यातली कवटी त्यांच्याकडेच आली होती, आणि त्यांनी घाईनं पहिला चेहरा बनवून दिला. पोलिसांनी त्याचा फोटो अनुसयाताईला दाखवला. ताईनं तो दूर धरून बघितला.

"हा कोणाचा तरी दाढ सुजलेला पोरगा आहे," ती म्हणाली. "बिचारा. माझा विकास नाही हा."

खरंच त्या चेहऱ्याचा डावा गाल फुगलेला होता. ताई हायसं वाटून घरी आली, आणि पुढच्याच रविवारी भगताकडे गेली.

इकडे डॉक्टरबाई हैराण. "दाढांच्या जागी डावी बाजू उजवीपेक्षा चार मिलिमीटर जाड येतेय. एकाची नाही, चाळीसातल्या सव्वीस जणांची! असं कसं होईल?"

मी फरशी पुसत होते. म्हटलं, "मावा आहे तो."

"काय?"

"मावा, बाई. सुपारी-तंबाखूचा. आत जाताना मी म्हणते, थुंकून या. ते मान हलवतात आणि डाव्या गालात दाबून धरतात. झोपून दोन मिनिटांचं तर काम, म्हणतात, ताजा आहे, टाकवत नाही. तुम्ही गालासोबत मावा मोजलाय."

डॉक्टरबाईंनी पडद्यावर तो काप मोठा केला. गाल आणि दाढ यांच्यामध्ये एक भुरकट गोळी, साफ दिसत होती. मला वाटलं हसतील. त्या खुर्चीत मागं टेकून म्हणाल्या, "मी चुकले, मावशी. मी त्या आईला चुकीचा चेहरा दाखवला."

त्यांनी सव्वीसच्या सव्वीस पुन्हा मोजले, गोळी वजा करून. लूमवाल्यांचे गाल किती बसलेले असतात हे तेव्हा आकड्यात दिसलं. दुसरा चेहरा तयार झाला. त्यांनी मला बोलावलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले होते.

टेबलावर विकास होता.

अगदी तसाच नव्हे. नाक जरा वेगळं, कान भलतेच. पण डोळ्यांखालून गाल जिथं आत जातो ती जागा, आणि हनुवटी. मी चहा टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले.

"ओळखीचा वाटतो?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"वाटणं पुरेसं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "हा चेहरा फक्त सांगतो, कोणत्या घराचं दार वाजवायचं. माती चुकते, मी चुकते. दाढेतून डीएनएचा अंश काढून ठेवलाय. आईच्या रक्ताशी तो जुळला, तरच खरं."

हे मी घरी येऊन सांगितलं का? नाही. ताईनं विचारलं, "आज उशीर झाला?" म्हटलं, बस मिळाली नाही. एवढंच माझं धैर्य.

*

दोन दिवसांनी मी तीच खोली झाडत होते. डॉक्टरबाईंनी चेहऱ्याची प्लास्टरची प्रत काढण्यासाठी साचा घेतला होता, आणि साचा भिंतीला टेकवून ठेवला होता. मी झाडू घेऊन पुढं सरकले, तर विकासनं माझ्याकडे मान वळवली.

झाडू माझ्या हातून पडला. मी मागं सरकले. तोही वळला.

"घाबरू नका!" डॉक्टरबाई धावत आल्या. "साचा आहे तो. आतून पोकळ. हात घाला."

मी हात घातला. जिथं नाक पुढं आलेलं दिसत होतं तिथं खड्डा होता.

"जन्मल्यापासून आपण जे जे चेहरे बघितले, ते सगळे बाहेर आलेले," त्या म्हणाल्या. "आत गेलेला चेहरा जगात नसतो. म्हणून समोर पोकळ साचा आला तरी मेंदू मानत नाही, त्याला फुगवूनच दाखवतो. आणि अशा उलट्या चेहऱ्यासमोरून आपण चाललो की तो आपल्याबरोबर वळल्यासारखा वाटतो. उजेड मंद हवा, माणूस दोन-तीन पावलं लांब हवा. दिवा खालून लावला तर आणखी पक्कं, कारण पोकळीत खालून आलेला उजेड वरून पडल्यासारखा दिसतो."

तीन पावलं. खालून दिवा. मला कोनाड्यापुढची लिंबांची ओळ आठवली.

"बाई," मी म्हटलं, "रविवारी कडोदऱ्याला याल?"

"येईन. पण बोला तुम्हीच. मी बोलले तर ते माझ्या भारी साडीकडेच बघतील." जाताना त्यांनी विचारलं, "हा साचा घेऊ का दाखवायला?"

"नको," मी म्हटलं. "याच्या आईला तो साच्यात नको दिसायला."

*

पुढच्या रविवारी भगत रंगात होता. "सात पाताळं फिरून आलो! पाताळात कोण? वासुकी. वासुकी म्हणाला, भगत, नावं सांग. मी म्हटलं, नावं नको, आयांचे अश्रू घे! बोला, जय!"

सदरा टांगला गेला, दिवा लागला, पडदा सरला. चेहरा ताईकडे बघू लागला आणि ताई त्याच्याशी बोलू लागली. काय जेवलास, थंडीचे दिवस येतायत, मनीषाची तब्येत उतरलीय. खोली हुंदक्यांनी भरली. मनीषा माझ्या शेजारी उभी होती, तिनं चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी खिडकीजवळ जागा धरली होती. काळ्या कापडाचं टोक माझ्या मुठीत. मोठ्यानं म्हटलं, "भगत, एवढा लांबून आलाय पोरगा. आईला एकदा गालावरून हात फिरवू दे."

"स्पर्श वर्ज्य!" भगत गरजला. "तेजाला हात लावला तर हात जळतो!"

"जळू दे," ताई म्हणाली.

मी कापड ओढणार होते, मग मागं उभ्या असलेल्या डॉक्टरबाई समजावणार होत्या. तसं ठरलं होतं. पण माझं वाक्य ताईच्या मनात उतरलं. तिनं लिंबांची ओळ ओलांडली. भगत मध्ये आला, त्याला तिनं कोपरानं सारलं. लूमवर सुताची बॉबिनं भरून भरून तिचं कोपर लोखंडाचं झालंय. तिनं उजवा हात गालाकडे नेला, मायेनं, तळवा पसरून.

हात गालाशी थांबला नाही. आत गेला. मनगटापर्यंत गेला.

ती तशीच उभी राहिली. हात त्या चेहऱ्याच्या आत, बोटं चाचपडत. मग तिनं हात बाहेर काढला. बोटांना काजळी लागली होती. ती पदराला पुसली.

मी कापड ओढलं. भर दुपारचं ऊन आत आलं, आणि कोनाड्यात फायबरचा एक साचा उरला, आतून कातडीच्या रंगानं रंगवलेला. भगवान नावाचा कपडा बाजारातला हमाल पुढं झाला. त्यानं तो उचलून उलटा केला. पाठीवर रंगानं लिहिलेलं होतं: पुरुष, साईज चाळीस.

"अरे, हा तर कुर्त्याच्या दुकानातला पुतळा! यांचे साचे असेच असतात, मी वाहिलेत," भगवान म्हणाला. मग चौकशीत निघालं, सुकलाल कामरेजकडे पुतळ्यांच्याच कारखान्यात होता.

डॉक्टरबाईंनी साचा हातात घेऊन सगळ्यांना फिरून दाखवला. जवळ आणला की खड्डा, लांब नेला की चेहरा. लोक एक डोळा मिटून बघत होते. भगत ओरडला, "हिच्या विज्ञानानं शक्ती पळवली! आत्ता इथं होती!" कोणी हसलं नाही, आणि कोणी त्याला मारलंही नाही. त्याला हे अपेक्षित नसावं.

"म्हणजे," चंपाबाई हळू आवाजात म्हणाली, "मी वर्षभर दर रविवारी घरातलं सगळं सांगत होते, ते याला? साईज चाळीसला?"

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

*

इथं थोडं स्पष्ट बोलते. त्या खोलीतली माणसं मूर्ख नव्हती. डोळे माझेही फसले, आणि साचा कसा फसवतो हे कळल्यावरही तो फसवत राहतो. डोळ्यांचा दोष नाही. दोष तिथं, जिथं कोणी म्हणतं, जवळ येऊ नका, हात लावू नका, उजेड लावू नका. असं म्हणणाऱ्याला आधी तेवढंच विचारा: का? डॉक्टरबाईंचा पहिला चेहरा चुकला. पण त्यांनी तो उजेडात ठेवला होता, म्हणून एका फरशी पुसणारीला चूक सांगता आली आणि त्यांना ती मान्य करता आली. भगताचा चेहरा कधीच चुकत नव्हता. चंपाबाईला तो नवरा होता, अनुसयाताईला मुलगा. जो चेहरा प्रत्येकाचा असतो तो कोणाचाच नसतो. हे तपासून बघा, आणि मी म्हणते म्हणूनही मानू नका.

माझ्याही पदरात दोष आहे. भगतानं ताईला खोटं सांगितलं, आणि मी खरं सांगितलं नाही. मधल्या दिवसांत ती त्याच्याकडे गेली, कारण बोलणारा तो एकटाच होता.

*

सोमवारी सकाळी ताई स्वतः उठून माझ्या दाराशी आली. "चल, तुझ्या दवाखान्यात." मनीषाही निघाली.

रक्त घेणाऱ्या पोरीनं ताईचा हात टेबलावर ठेवला. शीर पटकन सापडली नाही. दोनदा टोचलं. शेजारी हवालदार अर्ज भरत होता, गुजराती माणूस, वयानं विकासएवढाच. त्यांच्यात आईला बा म्हणतात.

"नाम, बा?"

"अनुसया."

"गाँव?"

"चोपड्याकडचं. आता कडोदरा."

"उमर?"

"लिही साठ."

मग त्याचं पेन थांबलं. कागदावरच्या पुढच्या ओळीवर त्यानं नुसतं बोट ठेवलं, ताईकडे बघितलं आणि पान उलटलं. "यहाँ अंगूठा लगाओ, बा."

"मध्ये काय सोडलंस?" ताईनं विचारलं. तिला वाचता येत नाही. पण कोणी काही टाळतंय हे तिला आता दिसत होतं.

"कुछ नहीं बा. बाद में मैं भर दूँगा."

"वाच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मनीषाकडे. मनीषा ताईच्या दंडावरचा कापूस दाबून बसली होती, गरजेपेक्षा जास्त जोरानं.

"मरनेवाले से रिश्ता," हवालदार पुटपुटला. "ऐसा लिखा है, बा. सबके फॉर्म में लिखा है. अभी तो पक्का भी नहीं है..."

"बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निकाल यायचाय. आज ती ओळ राहू दे."

ताईनं मनीषाच्या हातावर हात ठेवला, काल त्या साच्यात गेलेला तोच. मग हवालदाराकडे वळून, एखाद्या घाबरलेल्या पोराला सांगावं तसं, हळू सांगितलं:

"भर बेटा. मी त्याची आई. मना विकास मरी गया."